रिकामं पाकीट

कोर्टात साक्षीदाराला दटावतात ना, “विचारलं तेवढंच सांगा,” यूएसबीचं सगळं जग त्या एका दटावणीवर चालतं. वायरीच्या एका टोकाला होस्ट असतो: फोन, कॉम्प्युटर, हॉस्पिटलच्या काउंटरवरचं यंत्र. दुसऱ्या टोकाला उपकरण. होस्ट विचारणार, उपकरण उत्तर देणार. उपकरणाच्या पोटात आग लागली तरी ते आपणहून बोंबलत नाही. कुणी विचारेपर्यंत जळत बसतं.

बहुतेक शहाणी माणसं होस्टच्या बाजूने प्रोग्रॅम लिहितात. मी पलीकडच्या टोकाचे लिहिते. उपकरणाच्या आत एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्या कर्नलमध्ये बसून होस्टला काय उत्तर द्यायचं आणि कधी, हे ठरवणारा ड्रायव्हर लिहायचा, हे माझं काम. मला हे कुणी शिकवलं नाही. मिरजेत आमचं झेरॉक्स सेंटर होतं. तिथले प्रिंटर रोज रुसायचे आणि दुरुस्तीवाला सांगलीहून त्याला वाटेल तेव्हा यायचा. शेवटी वैतागून मीच वाचायला बसले. कर्नलचा कोड सगळ्या जगाला उघडा असतो म्हणून वाचता आला, आणि वाचता वाचता पन्नाशी आली. आता गळपट्टी नावाच्या वैद्यकीय यंत्राचा उपकरणाकडचा ड्रायव्हर माझ्या नावावर आहे. म्हणजे बदल कुणीही सुचवावा, पण त्याखाली माझी सही पडल्याशिवाय तो आत जात नाही. त्या जगाची तशी रीत आहे. सहीचा मान मोठा म्हणतात. माझ्या वाट्याला आजवर शिव्याच आल्या.

“स्नेहल मॅडम, पुन्हा नापास,” अर्चित स्क्रीनवरून म्हणाला. अर्चित म्हणजे पुण्याच्या आमच्या कंपनीत गळपट्टीचा प्रमुख. मुलगा चांगला आहे, फक्त दर वाक्याला घड्याळ बघतो.

“आता काय म्हणते तपासणीची लॅब?”

“तेच. आपली पट्टी फार वेळा ‘अजून नाही’ म्हणते.”

“पेशंटला वेळ लागतो म्हणून म्हणते.”

“मॅडम, मला कळतं. काउंटरला कळत नाही.”

गळपट्टी काय करते ते सांगते. पक्षाघाताने ज्यांची जीभ आणि घसा ऐकेनासा होतो, त्यांच्या डोक्यात शब्द शाबूत असतात. माणूस बोलायला जातो, घशाच्या स्नायूंपर्यंत विजेची बारीकशी लहर पोचते, आवाज मात्र फुटत नाही. गळ्यावर चिकटवलेली पट्टी ती लहर वाचते आणि तिचे शब्द जुळवते. शब्द जुळत असले की पट्टीवर हिरवा ठिपका लुकलुकतो. मागे अंगातली वायरलेस यंत्रं दुरून हॅक करण्याचा प्रकार झाला, तेव्हापासून अंगाला लावलेल्या यंत्राने वायरीनेच बोलायचं असा कायदा आहे. त्यामुळे यूएसबी म्हातारी झाली तरी निवृत्त झाली नाही. हॉस्पिटल, बँक, तहसील, सगळीकडे काउंटरला पट्टीसाठी खाच असते, आणि तिथून आलेलं बोलणं हे कायद्याने त्या माणसाचं स्वतःचं बोलणं.

होस्ट सेकंदाला शेकडो वेळा विचारत असतो, “आहे का काही?” पट्टी शब्दांचं पाकीट हातावर ठेवते, नाहीतर “अजून नाही” म्हणते. “अजून नाही” हे उत्तर मला फार आवडतं. त्याने होस्टला राग येत नाही, तो परत विचारतो. आणखीही एक उत्तर आहे. रिकामं पाकीट. आत काही नाही, पण पाकीट पोचलं. त्याचा अर्थ, माझं सांगून झालं, मला आणखी काही म्हणायचं नाही.

“लॅबचं म्हणणं असं की ठरावीक वेळ ‘अजून नाही’ म्हणावं, मग रिकामं पाकीट पाठवावं. म्हणजे काउंटर पुढे सरकेल,” अर्चित म्हणाला.

“आणि काउंटर रिकाम्या पाकिटाचा अर्थ काय लावतो?”

“संमतीचा प्रश्न असेल तर... हरकत नाही असा.”

हा नियम ज्याने लिहिला तो नक्की कुठल्यातरी हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाढलेला असणार. कुणाची हरकत? नाही? मंजूर. पुढचा विषय, पार्किंग.

“चार ओळींचं काम आहे, मॅडम. लोक पट्टीची वाट बघतायत.”

“बघते,” मी म्हणाले. बघते म्हणजे नाही, हे पुण्यातल्या माणसाला कळायला हवं होतं.

*

माझी टेस्टर घरातच आहे. माझी नणंद, वैजयंती. मी तिला वन्सं म्हणते. लग्नानंतर थट्टेने म्हणायला लागले, ते तसंच राहिलं. वन्सं एसटी स्टँडच्या कंट्रोल केबिनमधून गाड्यांच्या घोषणा करायच्या. लग्न केलं नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि माझ्या स्वयंपाकाला एकदाही बरं म्हटलं नाही. गेल्या वर्षी पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, आवाज गेला. तेव्हापासून आमच्याकडे असतात. रोज सकाळी त्यांच्या गळ्याच्या डाव्या बाजूला मी पट्टी चिकटवते, कारण लहर तेवढ्याच बाजूला उरली आहे. जेवणाच्या टेबलावर स्पीकर असलेला एक डबा आहे, तो त्यांचा घरचा होस्ट. तो मी बनवलाय. विचारतो आणि थांबतो, दुसरं काही त्याला येत नाही.

त्या दिवशी जेवताना डब्यातून आवाज आला, “आमटी.”

हिरवा ठिपका लुकलुकत राहिला.

“चांगली झालीये ना?” पराग म्हणाला. पराग माझा नवरा, वन्संचा धाकटा भाऊ, आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी.

“आमटीत.”

“मीठ हवंय का, ताई? स्नेहल, मीठ दे तिला.”

“थांब रे. येतंय.”

“अगं, पण तिला काय हवंय ते—”

“आमटीत गूळ घातलाय,” डबा म्हणाला, आणि पुष्कळ वेळाने, “की गुळात आमटी.”

पराग हसला. मी डोक्याला हात लावला. आवाज परत दिला तो असल्या टोमण्यांसाठी. पण वन्संच्या चेहऱ्याची डावी बाजू खुशीत होती, आणि मी वाढून दिलेली दुसरी वाटीही त्यांनी संपवली.

*

महिनाभराने डॉक्टर म्हणाले, मानेतली मेंदूकडे जाणारी डावी रक्तवाहिनी चोंदत आलीये. साफ केली नाही तर दुसरा झटका येऊ शकतो आणि तो बहुधा शेवटचा. परागने लगेच ऑपरेशनची तारीख घेतली. संमती मात्र वन्संनी स्वतः, पट्टीतून द्यायची.

काउंटरवर मुजावर नावाचे एक शांत गृहस्थ होते. त्यांनी वन्संची वायर खाचेत घातली. स्क्रीनवर प्रश्न आला, यंत्राने तो वाचून दाखवला, “आपल्याला शस्त्रक्रियेला संमती आहे का?”

वन्सं स्क्रीनकडे बघत राहिल्या. ठिपका विझलेला होता. मग एकदा लुकलुकला, पुन्हा विझला.

“बोला आजी,” मुजावर म्हणाले.

“आजी नाही म्हणायचं त्यांना,” मी म्हणाले.

“ताई, हो म्हण ना,” पराग म्हणाला. “नुसतं हो म्हणायचंय.”

पट्टी आत “अजून नाही” म्हणत होती आणि यंत्र विचारत होतं. मागे रांग वाढली. एका माणसाने विचारलं की इथे झोपायची सोय आहे का. शेवटी मुजावरांनी हलक्या हाताने वायर काढली.

“पट्टी जुनी दिसते, साहेब. नवीन व्हर्जन आलं की आणा. त्यात अडकत नाही म्हणे. वेळ झाली की आपोआप पुढे जातं.”

परागने माझ्याकडे पाहिलं. रिक्षात बसल्यावर तो वन्संच्या डोक्यावरून माझ्याशी बोलला.

“नवीन व्हर्जन म्हणजे तूच लिहितेस ना?”

“घरी गेल्यावर बोलू.”

“तूच लिहितेस की नाही?”

*

घरी वन्सं डब्यापाशी न बसता तशाच जाऊन पडल्या आणि आम्ही गॅलरीत उभे राहिलो.

“चार ओळी,” पराग म्हणाला. “तूच म्हणाली होतीस, अर्चितला चार ओळी हव्यात म्हणून. लिही. त्याचंही काम होईल आणि आपलंही.”

“तिने हो म्हटलेलं नाही.”

“नाहीही म्हटलेलं नाही.”

“पराग, ही तुमची सोसायटीची मीटिंग नाही.”

“माझी बहीण आहे ती, स्नेहल. घाबरलीये, म्हणून बोलत नाही. घाबरलेल्या माणसासाठी घरच्यांनी निर्णय घ्यायचा असतो. आईच्या वेळी आपण विचारत बसलो होतो का?”

“तेव्हा विचारायची सोय नव्हती. आता आहे. मी केलीये.”

“मग तुझ्या सोयीपायी मरू दे तिला?”

तो असं बोलत नाही. बोलला आणि त्याचा स्वतःचाच चेहरा उतरला. मी आत जाऊन भांडी घासली, जोरजोरात. यंत्राशी भांडता येतं, कंपनीशी भांडता येतं. पण नवरा बहिणीवरच्या मायेने तीच मागणी करतो जी कंपनी धंद्यासाठी करते, तेव्हा माणसाने घासणी कुणाच्या अंगावर फेकायची?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या चार ओळी लिहिल्या. खोटं कशाला सांगू, मलाही वन्सं हव्या होत्या. नुसतं करून बघू, सही तर नंतरची गोष्ट, अशी मनाची समजूत घातली. ओळी वन्संच्या पट्टीत चढवल्या आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला हॉस्पिटलच्या काउंटरसारखं वागायला लावलं.

“वन्सं, टेस्ट आहे. मागच्यासारखीच,” मी म्हणाले.

प्रश्न आला. आपल्याला शस्त्रक्रियेला संमती आहे का? ठिपका विझलेला. पट्टीने ठरलेला वेळ “अजून नाही” म्हटलं, मग रिकामं पाकीट दिलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली: हरकत नाही. धन्यवाद.

फारच सुरळीत चाललं. लॅबवाले टाळ्या वाजवतील इतकं.

वन्संनी ते वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी निभावलं असतं, त्यांच्या रागाची मला सवय आहे. पण त्या नुसत्या बघत होत्या, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तशा. आणि त्यांच्या गळ्यावरचा हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. थांबेना. ओठांची डावी कड हलत होती. त्या काहीतरी सांगत होत्या आणि स्पीकर गप्प होता. कॉम्प्युटरचं काम संपलं होतं. तो आता विचारत नव्हता.

मी पट्टीची मेमरी उघडली. होस्टने न नेलेले शब्द तिथे पडून राहतात. दोन वाक्यं होती.

चिरा पट्टीखालीच देणार का.

मग हे राहील का.

मी खुर्चीत मागे टेकले. डावी रक्तवाहिनी. डावी बाजू. रोज सकाळी मी जिथे पट्टी चिकटवते, बरोबर त्याच जागी सुरी लागणार होती, आणि ज्या नसांमधून ती उरलेली लहर येते त्या तिथूनच जातात. डॉक्टरांनी मान म्हटलं, परागने तारीख घेतली, मी वेळेवरून भांडले. हा विचार घरात एकीनेच केला होता. आणि तिला विचारलं काय, तर हो की नाही. तिच्याकडे उत्तर नव्हतंच. तिला प्रश्न विचारायचा होता, आणि उपकरणाने प्रश्न विचारायची सोय या जगात कुणी ठेवलेली नाही. मीही नाही.

मी चार ओळी पुसल्या. मग परागला हाक मारली आणि ती दोन वाक्यं दाखवली.

त्याने ती पुन्हा पुन्हा वाचली. “डॉक्टर मान म्हणाले होते,” तो म्हणाला. “पट्टीही तिथेच असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

वन्संनी त्याच्याकडे पाहून डोळे मिटले. टेबलावरचा डबा जोडल्यावर त्यांचं पहिलं वाक्य आलं, “गाढव.” कुणासाठी होतं ते आम्ही दोघांनी विचारलं नाही.

*

अर्चितला मी दुसरा बदल पाठवला. पट्टीने वाट बघायची, आणि वेळ फारच लांबली तर रिकाम्या पाकिटाऐवजी “हे मला जमत नाही” असं उत्तर द्यायचं. यूएसबीत हेही उत्तर पहिल्यापासून आहे, लोक ते बिघाड झाला की वापरतात. त्यानंतर होस्टला पुढे जाता येत नाही. काय अडलं ते कुणीतरी येऊन बघावं लागतं.

“मॅडम, काउंटर अडेल,” अर्चित म्हणाला.

“अडू दे. माणूस उठून येईल.”

“लॅब नापास करेल.”

“करू दे.”

“मग मला सही दुसऱ्या कुणाची तरी घ्यावी लागेल.”

“घे. पण उघड्यावर माग, कर्नलच्या चर्चेत, सगळ्यांना दिसेल अशी. रिकाम्या पाकिटाला संमती म्हणायचं आहे, असं स्पष्ट लिहून.”

पहिल्यांदाच त्याने घड्याळ बघितलं नाही. “तुम्ही फार त्रास देता,” तो म्हणाला.

त्याने खरोखर तसंच लिहून मागितलं. अजून वाद चालू आहे. मला जगभरातून इतक्या सूचना आल्या आहेत की शिव्या बऱ्या वाटाव्यात.

*

परागने दरम्यान जे केलं ते मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं. तो शल्यविशारद डॉ. मगदूम यांच्या केबिनबाहेर सलग काही दिवस जाऊन बसला आणि आमच्यासाठी वेळ मागून आला. घाईतला नव्हे, बसून बोलायचा.

डॉक्टर उंचेपुरे, थकलेले होते. त्यांनी सवयीने वन्संची वायर आपल्या कॉम्प्युटरला जोडली. संमतीचा प्रश्न आला. पट्टी थांबली, थांबली, मग तिने मी घरीच तिच्यात चढवलेलं नवं उत्तर दिलं. स्क्रीनवर लाल अक्षरं: उपकरण थांबले आहे. माणसाची गरज.

“माणसाची गरज?” डॉक्टर वैतागून म्हणाले. “मग मी कोण आहे इथे?”

त्यांनी स्वतःच ते पुन्हा वाचलं, कीबोर्ड बाजूला सारला आणि खुर्ची वन्संसमोर ओढली. मी पिशवीतून घरचा डबा काढून जोडला. ठिपका लुकलुकू लागला आणि डब्याने ती दोन वाक्यं विचारली.

डॉक्टर सरळ बोलले. “चिरा तिथेच द्यावा लागतो. नसांना धक्का बसू शकतो. पट्टी चालेल की नाही, मी शब्द देत नाही. दुसरा रस्ता आहे. पायाच्या मुळातून तार वर नेऊन आत जाळी बसवायची. गळ्याला हात लागणार नाही. पण तुमच्या वयात, या रक्तवाहिनीत, ते करतानाच झटका येण्याची भीती जास्त. म्हणून मी गळ्यातून करा म्हणालो होतो.”

“गळ्यातूनच करा,” पराग पटकन म्हणाला, आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

वन्सं बोलायला लागल्या. मधल्या वेळात नर्स दार उघडून बघून गेली.

“पायातून,” डबा म्हणाला.

“ताई, जीव आहे म्हणून बाकीचं आहे गं,” पराग म्हणाला. “न बोलता राहशील, पण राहशील तरी.”

“तेच. नको.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि उठायला लागले. परागही डोळे पुसत उठला. ठिपका विझला नव्हता.

“बसा,” मी म्हणाले. “त्यांचं झालं नाहीये.”

दोघं परत बसले. खूप वेळ गेला.

“हिला विचारा,” डबा म्हणाला. वन्संची डावी भुवई माझ्या दिशेने उंचावली होती. “हिला कुणी विचारलं नाही.”

तिघं माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं होतं माझं उत्तर तयार असेल. इतके दिवस भांडले होते, कंपनीशी, नवऱ्याशी, सगळं या बाईच्या बोलण्यासाठी. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. डॉक्टर घड्याळाकडे वळले नाहीत. परागने माझं वाक्य पुरं केलं नाही. मी माझ्या हातांकडे बघत बसले, बोटांना सकाळचा पट्टीचा गोंद तसाच चिकटला होता.

“गळ्यातून करा, वन्सं,” मी शेवटी म्हणाले. “नाही बोललात तरी चालेल. मला तुम्ही हव्या आहात.”

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. गळ्यावरचा ठिपका लुकलुकला, विझला, परत लुकलुकला. आम्ही कुणी हललो नाही.

“ऐकलं,” डबा म्हणाला.

आणि मग, सावकाश:

“तरी पायातूनच.”